चिरलेल्या पाइपवर इपॉक्सी का टिकत नाही, आणि ती टिकवायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पंपातून निघणारा ५० मिमीचा जस्तलेपित पोलादी पाइप, त्यावर लांबीच्या दिशेने साधारण ४० मिमीचा तडा, गेजवर दाब ४ बार. शेजारी विजेचं पॅनल असल्यामुळे वेल्डिंग करता येत नाही. दोनदा इपॉक्सी पुट्टी थापून झाली. पहिली तीन आठवडे टिकली, दुसरी आठ दिवसांत निघाली. आता ग्लास फायबरचं कापड गुंडाळून इपॉक्सी केली तर टिकेल का?

टिकेल. अशा दुरुस्त्या मी बरीच वर्षं करतो आहे आणि पाण्याच्या थंड लाइनवर नीट केलेली एकही माझ्याकडे परत आलेली नाही. ज्या परत आल्या, त्यांत प्रत्येक वेळी काहीतरी राहून गेलं होतं. काय राहतं, तेच सविस्तर सांगतो.

आधी पुट्टी का निघाली ते समजून घ्या. आतल्या पाण्याने ती बाहेर ढकलून दिली असं सगळ्यांना वाटतं, पण हिशेब करून बघा. ४ बार म्हणजे दर चौरस मिमीला ०.४ न्यूटन. तडा ४० मिमी लांब आणि फार तर १ मिमी रुंद. म्हणजे पाण्याला ढकलायला जागा मिळते ४० चौरस मिमी, आणि जोर होतो १६ न्यूटन, दीड किलोच्या आसपास. एवढ्याशा रेट्याने बऱ्यापैकी चिकटलेली पुट्टी उडत नाही. खरा ताण आडवा असतो. आतला दाब पाइपला फुगवू पाहतो आणि पाइपचा घेर तो दाब धरून ठेवतो. घेराला पडणारी ही ओढ म्हणजे दाब गुणिले आतली त्रिज्या. तुमच्या पाइपची आतली त्रिज्या २६ मिमीच्या आसपास, म्हणजे दर मिमी लांबीला १०.४ न्यूटन. ४० मिमीच्या तड्याला ४१६ न्यूटन. तड्याचे दोन्ही ओठ विरुद्ध दिशांना ओढत ४२ किलोचं वजन टांगलंय असं समजा. ही ओढ पूर्वी पोलाद घेत होतं. तडा गेला तेव्हापासून ती वरच्या पुट्टीवर आली.

त्यात पंप चालू-बंद होतो तेव्हाचा धक्का धरा. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी एकदम अडलं, तर पोलादी पाइपात १२-१३ बारचा धक्का उठू शकतो. गेजचा काटा आळशी असतो, तो हे दाखवत नाही. मूळ ४ बार मिळून १७ बार झाले की तीच ओढ पावणेदोनशे किलोंच्या पुढे जाते. दिवसातून दहा वेळा पंप सुरू होत असेल, तर पुट्टीला दिवसातून दहा वेळा असा हिसका बसतो. पहिली तीन आठवडे टिकली हेच मला विशेष वाटतं.

म्हणून तडा बुजवणं हे या कामातलं सर्वांत छोटं काम आहे. घेराची तुटलेली ओढ परत जोडायची, हे मोठं काम. कापड त्यासाठीच. काचेचा धागा पाइपला पूर्ण वेढा घालून स्वतःवर परत येतो, त्यामुळे ओढ धागा घेतो. वरून थापलेल्या ठिगळाला मात्र कडा असतात, आणि इपॉक्सी कडेकडून सोलली जाण्याला फार कमजोर असते. सरळ घसरण्याला ती दाद देत नाही, पण नखाने स्टिकर उचलावा तसं एका कडेने उचललं की सुटत जाते.

आता, कुठे हे करायचं नाही ते आधी सांगतो, कारण यात तडजोड नाही. स्वयंपाकाच्या किंवा कारखान्याच्या गॅसची लाइन, इंधनाची लाइन, वाफेची लाइन, बॉयलरचा कोणताही भाग, गाडीच्या ब्रेकची नळी, हायड्रॉलिकची उच्च दाबाची नळी, इंजिनाचा सायलेन्सर. या ठिकाणी पाइप बदलायचा. मोठ्या तेल-वायू उद्योगात संमिश्र, म्हणजे कापड आणि रेझिनच्या, वेढ्यांनी दुरुस्ती होते हे खरं. (रेझिन म्हणजे इपॉक्सीचा चिकट द्रव.) त्यासाठी आयएसओ २४८१७ आणि एएसएमई पीसीसी-२ ही मानकं आहेत. पण तिथे प्रशिक्षित माणूस, मोजलेला दोष आणि तपासलेली रेझिन-कापडाची जोडी असते. तीच गोष्ट आपण हाताने ब्रश घेऊन केली म्हणजे तीच झाली असं होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर करायचं असेल तर पाण्याशी संपर्काला मान्यता असलेलंच रेझिन घ्या, कारण तड्यातून थोडं आत जाणारच.

गरम पाण्याबद्दल सारखं विचारलं जातं. खोलीच्या तापमानाला आवळणारी, म्हणजे घट्ट होणारी, बहुतेक इपॉक्सी ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी मऊ पडायला लागते. या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात, आणि चालू तापमान त्याच्या किमान २० ते ३० अंश खाली असायला हवं. पाणी ६० अंशांचं असेल तर साधं रेझिन विसरा.

पुढची गोष्ट : तडा का गेला? हे न शोधता केलेली दुरुस्ती स्वतः टिकते आणि पाइप शेजारी फुटतो. पाणी गोठलं तर ते सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं आणि पाइप लांबीत चिरतो. पंपाची थरथर असेल आणि पाइपला आधार नसेल, तर तडा बहुधा आडवा, म्हणजे घेराच्या दिशेने, आट्यांच्या मुळाशी किंवा वेल्डच्या कडेला जातो. तुमचा तडा उभा आहे. असा तडा पुष्कळदा पाइपच्या मूळ शिवणीवरून जातो, कारण हे पाइप पत्रा वळवून आणि शिवण वेल्ड करून बनतात. आतून बोट फिरवता आलं तर शिवण हाताला लागते, बाहेरून जस्ताखाली ती दिसत नाही, पण जस्त खरवडल्यावर रंगात फरक कळतो. तडा शिवणीवरच असेल आणि त्या तुकड्यात शिवणीवर आणखी एखादा पाझर किंवा गंजाची रेघ दिसली, तर माझं मत स्पष्ट आहे : तो तुकडा काढा. एका भोकाची दुरुस्ती करता येते, अख्ख्या शिवणीची नाही. आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, बंद होताना धाडकन आवाज येत असेल, तर इपॉक्सीचा डबा उघडायच्या आधी तो व्हॉल्व्ह बदला.

तड्याचं टोक कुठे आहे हे डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा नेहमी पुढे असतं. हे मी स्वतः चुकून शिकलो. एका थंड पाण्याच्या लाइनवर मी सुरेख वेढा बांधला होता, कडा अशा उतरत्या केल्या होत्या की हात फिरवला तरी जाणवू नये. चार महिन्यांनी वेढ्याच्या कडेपासून बोटभर पुढे पाण्याचा थेंब आला. वेढा जिथल्या तिथे होता. तडा त्याच्याखालून सरकत बाहेर आला होता, कारण मी टोकाला भोक पाडलं नव्हतं. तड्याचं टोक सुईसारखं तीक्ष्ण असतं आणि सगळा ताण त्या एका बिंदूवर गोळा होतो. तिथे ३-४ मिमीचं गोल भोक पाडलं की ताण गोलाईवर पसरतो आणि तडा थांबतो.

टोक शोधायला मी खडू वापरतो. लाइनमध्ये अगदी थोडं पाणी, दाब जवळजवळ नाही, पाइप बाहेरून कोरडा पुसून त्यावर खडूची बारीक पूड चोळायची. दहा-पंधरा मिनिटांत तड्याची ओली रेघ खडूवर उमटते, आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसलेल्या तड्यापेक्षा लांब भरते. ही रेघ म्हणजे आरपार गेलेला भाग. अर्धवट खोल गेलेला भाग त्याच्याही पुढे असतो, म्हणून रेघेच्या टोकापासून आणखी ५ मिमी पुढे पंचने खूण करून भोक पाडायचं. दोन्ही टोकांना. भोकाच्या आत टॉर्च मारून पलीकडच्या कडेला बारीक काळी रेघ दिसते का बघा. दिसली तर तडा अजून पुढे आहे.

मग दोन भोकांच्या मध्ये तड्यावरून कानशीची धार फिरवून इंग्रजी व्ही आकाराची खाच करा. पाइपची भिंत साडेतीन-चार मिमीची आहे, म्हणून खाच दीड-दोन मिमीपेक्षा खोल नको. पुट्टीला धरायला जागा मिळाली की पुरे.

पाइप कोरडा करणं हे ऐकायला सोपं आहे आणि प्रत्यक्षात यातच निम्मा दिवस जातो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, मिनिटाला एक थेंब येत राहतो, आणि तो थेंब बरोबर तड्यापाशी पोचतो. तड्याच्या खालच्या बाजूला कुठेतरी युनियन किंवा फ्लँज (पाइपचा खोलता येणारा जोड) सैल करून पाणी तिकडून गळू द्या, म्हणजे ते तड्यापर्यंत येणार नाही. हे सैल ठेवण्याचं दुसरंही कारण आहे, आणि ते फार कमी लोक सांगतात. दोन्ही बाजू बंद असलेल्या पाइपात हवा अडकते. तुम्ही हीट गनने पाइप कोमट केला, किंवा ऊन आलं, किंवा नुसती इपॉक्सी आवळताना तापली, की ती हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडा काढून बाहेर पडते. त्या बुडबुड्याची वाट हीच नंतर पाण्याची वाट होते. आवळून पूर्ण होईपर्यंत पाइपला श्वास घ्यायला एक तोंड उघडं हवं.

थंड लाइनवर घाम सुटतो तोही पाणीच. पाइपचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. मोजायला काही नसेल तर काच किंवा चकचकीत पत्र्याचा तुकडा पाइपला तासभर टेकवून ठेवा. त्यावर वाफ धरली तर थांबा.

आता पृष्ठभाग. इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण परत आलेल्या कामांपैकी बहुतेक इथे बिघडलेली असतात. आरपार तड्यावर धागा कितीही मजबूत असला, तरी पाणी वेढ्याच्या खाली शिरून त्याला धातूपासून सुटं करत कडेपर्यंत जाऊ शकतं, त्वचेखाली फोड वाढावा तसं. त्याला अडवते ती धातू आणि इपॉक्सी यांच्यामधली पकड, दुसरं काही नाही.

क्रम असा ठेवा : आधी तेल काढा, मग घासा, मग परत पुसा. लोक थेट घासायला लागतात, आणि पाइपवरचं तेल, हाताचा घाम, जुन्या टेपचा चिकटा हे सगळं धातूच्या ओरखड्यांत दाबून बसवतात. ॲसिटोन फडक्यावर घेऊन एकाच दिशेने पुसा, मागे-पुढे नको. फडकं मळलं की उलटा, दोन्ही बाजू मळल्या की फेका. जुन्या बनियनचे तुकडे चालतात, पण धुताना सॉफ्टनर घातलेलं कापड नको, त्याचा थर धातूवर राहतो. ॲसिटोनची वाफ ठिणगीने पेट घेते. तुमच्याकडे शेजारी पॅनल आहे, तेव्हा पंपाचा पुरवठा मुख्य स्विचलाच बंद करा, आणि ॲसिटोन पूर्ण उडेपर्यंत ग्राइंडर हातात घेऊ नका.

घासायला ६० किंवा ८० नंबरचा कापडी सँडपेपर. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पाइप चमकवण्याचा मोह आवरा. त्याने गंज जातो, पण पृष्ठभाग आरशासारखा घोटला जातो आणि इपॉक्सीला पकडायला काही उरत नाही. धातू मंद करडा, खरखरीत दिसायला हवा. ओरखडे एकदा लांबीत, एकदा घेरात, एकदा तिरके, असे एकमेकांना छेद देणारे हवेत. पाइप भिंतीला जवळ असेल तर मागची बाजू हमखास राहते. सँडपेपरची लांब पट्टी कापा, पाइपच्या मागून घाला, दोन्ही टोकं दोन हातांत धरून बूट पुसल्यासारखी ओढा. मागे दिसत नसेल तर छोटा आरसा धरा. जिथे हात पोचत नाही तिथेच वेढा सुटतो.

जस्ताचं काय? घट्ट बसलेलं जस्त ठेवून त्यावर इपॉक्सी लागते. पांढरी भुकटी धरलेलं किंवा पापुद्रे सुटणारं जस्त ठेवायचं नाही. मी तड्याभोवती चारही बाजूंनी किमान २० मिमी पोलादापर्यंत जातो, बाकी ठिकाणी जस्ताची चमक मरेपर्यंत घासतो. धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

किती लांबीचा भाग तयार करायचा? तडा आणि भोकं मिळून ५५-६० मिमी झाली. प्रत्येक बाजूला ५० मिमी हे कमीत कमी, मी ७० ते ७५ ठेवतो. म्हणजे वेढा साधारण २०० मिमी, आणि घासायचं त्याहून दोन बोटं जास्त.

शेवटी पाण्याची परीक्षा. स्वच्छ पाणी पाइपवर शिंपडा. धातू खरोखर साफ असेल तर पाणी सलग पातळ पडदा धरतं. कुठे थेंब थेंब होऊन आकसलं, तर तिथे तेल आहे. परत पुसा, परत घासा, परत पाणी. पडदा सलग दिसला की कोमट हवेने पूर्ण वाळवा, शेवटचं ॲसिटोन फिरवा आणि त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श करू नका. उघडं पोलाद दमट हवेत दोन-तीन तासांत पिवळं पडतं, तेव्हा लावायचं सामान आधीच मांडून ठेवलेलं हवं. चहाला जायचं असेल तर घासायच्या आधी जाऊन या.

सामान निवडताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. खाचेत भरायला पोलादाची पूड मिसळलेली पुट्टी, आणि कापड भिजवायला पातळ लॅमिनेटिंग इपॉक्सी. पुट्टीने कापड भिजत नाही आणि पातळ रेझिन तड्यातून खाली गळून जातं. शक्यतो दोन्ही एकाच उत्पादकाची घ्या. कापड म्हणजे विणलेलं काचेचं कापड, चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅमचं. काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची चटई, जी पॉलिएस्टर रेझिनबरोबर वापरतात, ती घेऊ नका. तिच्या धाग्यांना बांधणारा पदार्थ पुष्कळदा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळण्यासाठी बनवलेला असतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही, चटई ताठ राहते आणि गोलाईवर बसत नाही. कार्बन फायबर जास्त ताठ असतं हे खरं, पण ते वीज वाहतं आणि ओलाव्यात पोलादाला चिकटून राहिलं की पोलादच गंजतं. वापरायचंच असेल तर खाली काचेचा एक थर आधी. तुमच्या पाइपला त्याची गरज नाही.

थर किती? हाताने भिजवलेल्या ३०० ग्रॅमच्या कापडाचा एक थर सुमारे ०.३ मिमीचा होतो. काचेचं कापड तुटायला बराच ताण लागतो, पण तुटेपर्यंत ताणू द्यायचं नसतं. रेझिनमध्ये बारीक चिरा पडू नयेत म्हणून कायमची ताणलंबाई (ताणल्यावर वाढणारी लांबी) पाव टक्क्याच्या आसपास धरतात. त्या हिशेबाने एक थर दर मिमीला साधारण ११ न्यूटन घेतो. तुमची ४ बारची ओढ १०.४ होती, म्हणजे एक थर जेमतेम पुरतो. धक्क्याची १७ बारची ओढ ४४ येते, त्याला चार थर लागतात. हाताच्या कामात कुठेतरी हवा राहते, कुठे धागा तिरका पडतो, म्हणून मी सहा घालतो. यापेक्षा जास्त जाड करून काही मिळत नाही, उलट कडेला पायरी मोठी होते आणि तिथून सोलायला सुरुवात होते.

पाइपचा बाहेरचा घेर १९० मिमी, सहा वेढे म्हणजे सव्वा मीटर कापड. १०० मिमी रुंदीची पट्टी मिळाली तर काम सोपं जातं : प्रत्येक फेरीत निम्मी पट्टी आधीच्या वळणावर चढवत न्यायची, म्हणजे एका फेरीत दोन थर होतात. तीन फेऱ्यांत सहा. पहिली फेरी डावीकडून उजवीकडे, दुसरी उलट, तिसरी परत पहिल्यासारखी. पट्ट्या आधीच कापून ठेवा. ओल्या हातमोज्यांनी कात्री धरली की कापड कात्रीलाच चिकटतं.

मिश्रणाबद्दल एकच आग्रह : प्रमाण वजनकाट्यावर मोजा. इपॉक्सीत हार्डनर (रेझिनला घट्ट करणारा दुसरा भाग) हा रेझिनच्या साखळीचा भाग होतो, तो निम्मा घातला तर निम्मी साखळी तुटकी राहते, आणि लवकर आवळावं म्हणून जास्त घातला तर उरलेला हार्डनर आत तसाच चिकट राहतो. पॉलिएस्टरमध्ये थेंब कमी-जास्त करायची सवय असलेले कारागीर इथे फसतात. डब्यावर वजनाचं आणि आकारमानाचं प्रमाण वेगवेगळं लिहिलेलं असतं, कोणतं वाचताय ते बघा. तुमच्या कामाला कापड ७०-७५ ग्रॅम, तेवढंच रेझिन कापडात, वर पहिल्या हाताला आणि वाया जायला धरून १२० ग्रॅम मिश्रण पुरेल. ते दोनदा साठ-साठ ग्रॅम करा. तीन मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत, मग दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून परत एक मिनिट. पहिल्या भांड्याच्या कोपऱ्यात न मिसळलेलं राहतं, आणि तेच नंतर वेढ्यात ओला डाग होऊन बसतं. मिश्रण उभ्या कपात ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने तापून वीस मिनिटांत धूर सोडायला लागतं. पसरट ताटलीत ओतलं तर तेच दुप्पट वेळ टिकतं.

हातमोजे नायट्राइलचे घाला आणि रेझिन लागले की बदला. हार्डनरची त्वचेला एकदा ॲलर्जी झाली की ती जात नाही. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या एका उत्तम कारागिराला मनगटावर पुरळ उठायला लागली आणि त्याला हे काम सोडावं लागलं. तो मोज्यांशिवाय काम करायचा आणि संध्याकाळी हात थिनरने धुवायचा. थिनर रेझिनला त्वचेत आणखी आत नेतो. साबण आणि पाणीच वापरा.

पुट्टी मळताना दोन रंगांची एकही रेघ उरता कामा नये. हातात ती किंचित कोमट लागली की ती आवळायला लागली आहे, मग तीन-चार मिनिटंच मिळतात. खाचेत आणि भोकांत अंगठ्याने रेटून भरा, इतकी की आतल्या बाजूने थोडी बाहेर येऊन रिव्हेटसारखी अडकेल. वरून पाइपच्या गोलाईत समतल करा. उंचवटा ठेवू नका, कापड त्यावर तंबूसारखं उभं राहतं आणि खाली पोकळी होते. आवळल्यावर सँडपेपरने घासून परत पुसून घ्या.

मग रेझिनचा पहिला हात. आखूड केसांचा ताठ ब्रश घेऊन रेझिन धातूच्या ओरखड्यांत अक्षरशः घासून बसवायचं. त्यावर पट्टी. पट्टी ओढून धरा, पण इतकी नाही की रेझिन पिळून निघेल. कोरडं कापड पांढरं असतं. भिजलं की ते पारदर्शक होतं आणि खालचा करडा पाइप दिसायला लागतो. हाच तुमचा मापदंड. पांढरा ठिपका दिसला की तिथे हवा आहे, ब्रश उभा धरून टोचत टोचत तिला कडेकडे न्या. ब्रश ओढू नका, धागे सरकतात. प्रत्येक वळण भिजलेलं दिसल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही. दुसरी फेरी पहिलीपेक्षा कडेला १० मिमी आत संपवा, तिसरी आणखी १० मिमी आत, म्हणजे कडा आपोआप उतरती होते. पाइपच्या खालच्या बाजूला रेझिन ओघळून थेंब धरतो, तो दर दोन मिनिटांनी ब्रशने वर घ्या.

सगळे थर झाले की वरून पातळ प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा आणि तिला टाचणीने ठिकठिकाणी भोकं पाडा. भोकांतून रेझिनचे टपोरे थेंब आणि बुडबुडे बाहेर येतात, थर एकमेकांवर दाबले जातात. हे एक काम केल्याने हाताच्या वेढ्याची प्रत इतकी सुधारते की मी ते कधीच टाळत नाही.

आता हात लावू नका. २५ अंशांना २४ तास, हवा थंड असेल तर जास्त. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं तर वेळ दुप्पट होतो, आणि १० अंशांच्या खाली बहुतेक साधी इपॉक्सी आवळल्यासारखी दिसते पण पूर्ण होत नाही. पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो. घाई असेल तर दिव्याने ४०-५० अंशांची ऊब द्या, तीही पहिले काही तास गेल्यावर. प्लॅस्टिक काढल्यावर पृष्ठभाग मेणचट, चिकट लागला तर तो हार्डनरचा हवेतल्या ओलाव्याशी झालेला थर असतो. तो साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने निघतो, ॲसिटोनने नुसता पसरतो. नाणं टकटक करून पूर्ण वेढा ऐका. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी बसका. तड्याच्या आसपास बसका आवाज आला तर वरून आणखी थर चढवून काही होत नाही. कापून काढून परत करावं लागतं.

चाचणी पाण्याने, हवेने कधीही नाही. दाबलेली हवा फुटली की तुकडे उडतात, पाणी फुटलं तर फक्त भिजवतं. व्हॉल्व्ह हळू उघडा, हवा वरून निघून जाऊ द्या, १ बारला दहा मिनिटं, मग २, मग ४. वेढ्याच्या दोन्ही कडांना कोरडा टिश्यू कागद गुंडाळून तासभर ठेवा. कागद कोरडा राहिला की काम झालं. पाइपला वेढ्याच्या दोन्ही बाजूंना, वेढ्यावर नव्हे, क्लॅम्पने आधार द्या. उन्हात असेल तर रंग लावा, ऊन इपॉक्सीला पिवळं आणि ठिसूळ करतं.

दुसऱ्या धातूंबद्दल थोडं, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाचा तरी पाइप तांब्याचा किंवा बिडाचा असेल. बीड सच्छिद्र असतं, वर्षानुवर्षांचं पाणी आणि तेल पिऊन बसलेलं. ते पुसून निघत नाही, हीट गनने हळूहळू तापवून बाहेर काढावं लागतं, दोन-तीन वेळा. तापवताना एकाच जागी आच धरली तर तडा वाढतो. सांडपाण्याच्या बिडाच्या उभ्या पाइपांना, जिथे दाब नाही, ही पद्धत अगदी योग्य आहे. ॲल्युमिनियमवर घासल्याबरोबर ऑक्साइडचा थर परत धरतो, म्हणून रेझिन लावून त्या ओल्या रेझिनमध्येच सँडपेपरने घासायचं, म्हणजे उघडा पडलेला धातू हवेऐवजी रेझिनला भेटतो. शिवाय ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून ऊन-गारठ्यात असलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीवर थोडं लवचिक रेझिन निवडा. तांब्याच्या बारीक नळीला हा खटाटोप करू नका. ती कापून नवा तुकडा डागणं सोपं आहे.

तुमच्या पाइपवर वेढा पूर्ण झाला की त्यावर न पुसणाऱ्या पेनने तारीख आणि दाब लिहा, आणि तड्याची दोन टोकं कुठे आहेत तिथे दोन बाण काढा. पहिल्या आठवड्यात रोज, मग महिन्याला एकदा, फक्त तीन ठिकाणी बघा : वेढ्याच्या दोन कडा आणि बाणांच्या रेषेत कडेबाहेरचा वीतभर उघडा पाइप. कडेला पांढुरकी रेघ दिसली किंवा नख आत शिरलं तर पाणी खाली पोचलंय असं समजा आणि पाइप बदलायचा दिवस ठरवा.